कोकणच्या लाटांत गळ टाकताना लीडर कोणता: नायलॉन, फ्लोरोकार्बन की तार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ कळेल. आजवर तुम्ही मुळशी आणि पानशेतच्या पाण्यात रोहू-कटला धरलेत. आता बारा फुटी सर्फ रॉड (किनाऱ्यावरून लांब फेकायची काठी) आणि 30 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) घेतलीय, आणि दिवाळीनंतर ताम्हिणी उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जायचा बेत आहे. एक दुकानदार म्हणतो, खाऱ्या पाण्यात फ्लोरोकार्बनशिवाय जाऊच नका. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, समुद्रातल्या माशांना दात असतात, सरळ स्टीलची तार लावा. खिशाला दोन्ही झेपेल, पण लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा, नक्की कशाचा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर दोघांनाही आवडणार नाही. दिवेआगरच्या पुळणीवर तुमच्या दोरीचा नव्वद टक्के भार साध्या, जाड, चांगल्या नायलॉनने उचलावा. किनाऱ्यावरचे लोक जिला तंगूस म्हणतात, तीच. फ्लोरोकार्बनचं एखादं छोटं रीळ पेटीत असू द्या, ठरावीक कामासाठी. तारेचे चार-पाच तुकडे असू द्या, त्याहून ठरावीक कामासाठी. लीडर निवडताना पहिला विचार फेकीच्या झटक्याचा, दुसरा घासण्याचा, तिसरा दातांचा. मासा दोरी बघतो की नाही, हा विचार कोकणच्या उत्तर पट्ट्यात सगळ्यात शेवटी. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगितला जातो, कारण न दिसणारी दोरी महाग विकता येते.

तुम्ही ‘लीडर’ म्हणून एकच वस्तू विचारताय, पण सर्फच्या दोरीवर तीन वेगळी कामं असतात. ब्रेडच्या पुढे जोडायचा सात-आठ मीटरचा जाड तुकडा म्हणजे शॉक लीडर. त्याने फेकीचा झटका सोसायचा. त्याच्यापुढे दीड-दोन मीटरचा रिगचा (शिसं आणि गळ यांच्या जुळणीचा) कणा, ज्यावर शिसं, स्वीवेल (फिरती कडी) आणि फाटे असतात. याने वाळू, खडक आणि माशाच्या अंगाचं घासणं सोसायचं. आणि शेवटचा, गळ बांधलेला वीतभर ते दोन फुटांचा स्नूड, जो माशाच्या तोंडात जातो. या तिघांची जाडी वेगळी आणि निवडीचं कारणही वेगळं. धरणावर तुम्ही एकाच दोरीला गळ बांधून मोकळे होत होता, कारण तिथे ना 120 ग्रॅम शिसं फेकायचं होतं ना लाट होती.

शॉक लीडरबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे प्रश्न माशाचा नसून शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याचा आहे. शिसं 100 मीटर लांब जायचं असेल, तर हवेचा अडथळा अजिबात नाही असं धरलं तरी ते सेकंदाला साधारण 31 मीटर वेगाने सुटावं लागतं, म्हणजे ताशी 110 किलोमीटरच्या वर. प्रत्यक्षात हवा असते, त्यामुळे वेग याहूनही जास्त लागतो. रॉड पूर्ण वाकलेला असताना दोरी तुटली, तर ते शिसं कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि रविवारी दिवेआगरच्या किनाऱ्यावर उंटवाल्यापासून ते वाळूत खेळणाऱ्या पोरांपर्यंत सगळे असतात. 30 पौंडी ब्रेड म्हणजे कागदावर साडेतेरा किलो. स्थिर भाराला ते पुरेसं वाटतं. पण ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, त्यामुळे सगळा झटका एका क्षणात गाठीवर येतो, आणि एखादा धागा आधीच उसवलेला असेल तर तिथेच संपतं.

सर्फवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: दर एक औंस शिशाला दहा पौंडाचा शॉक लीडर. एक औंस म्हणजे 28 ग्रॅम. म्हणून 100-115 ग्रॅमला 40 पौंड, 140 ग्रॅमला 50 पौंड. आमिषाचंही वजन असतं, बांगड्याचा मोठा तुकडा लावला तर ते विसरू नका. तुमच्यासाठी 50 पौंडी नायलॉन, साधारण 0.60 ते 0.70 मिलिमीटर जाडीचं, हे मी डोळे झाकून सांगेन. इथे फ्लोरोकार्बनचा काहीच उपयोग नाही. ते नायलॉनपेक्षा ताठ असतं, रिळावरून वेटोळ्यांनी सुटतं, रॉडच्या रिंगांवर आपटतं, आणि सात-आठ मीटर लांबीचं ते घ्यायचं म्हणजे पैसे समुद्रात ओतणं. शॉक लीडर थोडा ताणला जायलाच हवा, आणि नायलॉन तसं ताणलं जातं.

लांबी मोजायची रीत सोपी: शिसं फेकायच्या तयारीत टोकापासून जेवढं खाली लोंबतं तेवढी लांबी, अधिक रॉडची लांबी, अधिक रिळावर पाच-सहा वेढे. बारा फुटी रॉडला साडेसात मीटरच्या आसपास येतं. ते वेढे महत्त्वाचे. फेकताना बोटाने जी दोरी धरायची ती जाड नायलॉन असली पाहिजे. पातळ ब्रेड जोराच्या फेकीत बोट कापते, आणि खाऱ्या पाण्यात ती जखम दोन दिवस चुरचुरते. गाठ रिळाच्या कडेला न येता मागच्या बाजूला राहील असं गुंडाळा, म्हणजे सुटताना ती वेढ्यांत अडकणार नाही.

आता घासण्याविषयी. वाळूचा किनारा मऊ दिसतो, पण लाट फुटते तिथे पाण्यात वाळू सतत फिरत असते आणि दोरीचा शेवटचा मीटर-दीड मीटर तिच्यात घासला जातो. दोन तास गरवल्यावर त्या भागावरून नख फिरवा, खरखरीत लागेल. त्यात शिंपल्यांच्या कडा आणि खडपावरची कालवं. कालवाची कड ब्रेडला टेकली की ब्रेड गेली, तिथे चर्चा नाही. माशाचं अंगही घासतं: जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, दात मात्र खरकागदासारखे बारीक. मोठी पाखट वाळूला चिकटून बसली की दोरी तिच्या पंखाच्या कडेवरून ओढली जाते. शिंगाळ्याचे काटे दातेरी आणि विषारी असतात, ते तुमच्या हाताला आणि स्नूडला दोघांनाही लागतात.

या सगळ्याला उत्तर एकच, जाडी. फ्लोरोकार्बनचा पृष्ठभाग नायलॉनपेक्षा कठीण असतो, हे खरं. पण सारख्या पैशात तुम्ही नायलॉन कितीतरी जाड घेऊ शकता, आणि 0.70 चं नायलॉन 0.50 च्या फ्लोरोकार्बनपेक्षा कालवांवर जास्त टिकतं. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. घरीच बघा: दोन्ही दोऱ्या रात्रभर पाण्यात भिजवा, प्रत्येकीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा, आणि बाल्कनीच्या कठड्यावर ओला पॉलिशपेपर गुंडाळून त्यावरून सारख्या लांबीचे झोके द्या. कोणती किती झोक्यांत तुटते ते मोजा. भिजवायची अट सोडू नका. नायलॉन पाणी पितं, आणि भिजल्यावर ते मऊ होतं, गाठीची ताकदही उतरते. फ्लोरोकार्बन जवळजवळ पाणी पीत नाही. कोरड्या दोरीवर केलेली परीक्षा समुद्रात कामाची नाही.

जाडी मोजायला पुण्याच्या बोहरी आळीतून एक डिजिटल व्हर्निअर आणा. पेठेतली ही माझी सगळ्यात उपयोगी खरेदी. दोरीच्या खोक्यावर छापलेले पौंड हा विक्रीचा आकडा असतो. काही कंपन्या 40 पौंड लिहून प्रत्यक्षात 50 ला तुटणारी दोरी देतात, काही नेमकं उलटं करतात. जाडी मात्र मोजता येते. साधारण अंदाज म्हणून: नायलॉनमध्ये 20 पौंड म्हणजे 0.40, 30 पौंड म्हणजे 0.50, 40 पौंड म्हणजे 0.55 ते 0.60 मिलिमीटर. यापेक्षा फारच पातळ दोरीवर मोठा आकडा छापलेला दिसला, तर तो आकडा विसरून जाडीवर विश्वास ठेवा.

फ्लोरोकार्बनकडे येतो, कारण तुमचा खरा गोंधळ तिथे आहे. ते पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये त्याची पहिली मासेमारीची दोरी काढली. सीगुआर हे नाव दुकानात दिसतं ते त्यांचंच. नायलॉन त्याहून बरंच जुनं, 1935 मध्ये ड्युपाँच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्याकडे तयार झालेलं. ‘न दिसणारी दोरी’ या दाव्यामागे भौतिकशास्त्र आहे. प्रकाश पाण्यातून दोरीत शिरताना किती वाकतो यावर ती किती दिसते ते ठरतं. समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक 1.34, पीव्हीडीएफचा 1.42, नायलॉनचा 1.53 च्या आसपास. म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ आहे, पण पाण्याइतकं नाही. ते अदृश्य होत नाही, कमी दिसतं, आणि तेही पाणी स्वच्छ असेल तर.

आता दिवेआगरचं पाणी आठवा. पावसाळ्यात कोकणातल्या नद्यांनी आणलेला गाळ, खाड्यांच्या तोंडचा चिखल आणि मुंबईच्या बाजूला उधाणाला जवळपास पाच मीटरपर्यंत जाणारी भरती-ओहोटी, यामुळे रायगडच्या किनाऱ्याचं पाणी वर्षातला बराच काळ चहाच्या रंगाचं असतं. लाट फुटते तिथे फेस आणि वाळू. अशा पाण्यात रावस किंवा शिंगाळा आमिषाचा वास, हालचाल आणि पाण्यातली थरथर यांवर येतो. एवढ्या गढूळ पाण्यात दोरीचा अपवर्तनांक कुणाला दिसतोय? इथे फ्लोरोकार्बनवर खर्च केलेले पैसे कोळंबीवर खर्च करा, ताजी कोळंबी कुठल्याही दोरीपेक्षा जास्त मासे देते.

चित्र बदलतं ते दक्षिणेला आणि थंडीत. डिसेंबर ते फेब्रुवारीत मालवण, तारकर्ली, देवबागला पाणी इतकं निवळतं की कमरेभर पाण्यात स्वतःची पावलं दिसतात. तिथे दिवसा हलक्या रॉडवर रेणवी, ज्यांना तुम्ही बाजारात मुडदुशा म्हणूनही ओळखत असाल, धरायच्या असतील, तर 0.25 ते 0.30 मिलिमीटरचा फ्लोरोकार्बन स्नूड आणि बारीक गळ. फरक जाणवतो. तसंच खडपावरून लुअर (कृत्रिम आमिष) फेकताना: लुअरला सहसा वास नसतो, मासा मुख्यतः बघून येतो, आणि दीड मीटर फ्लोरोकार्बन लावण्यात अर्थ आहे. फ्लोरोकार्बनची आणखी एक बाजू फारसं कुणी सांगत नाही. त्याची घनता 1.78, नायलॉनची 1.14, समुद्राच्या पाण्याची 1.03 च्या घरात. म्हणजे ते ठामपणे बुडतं. तळाशी ठेवायच्या स्नूडला हे चांगलं. पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायच्या पॉपर नावाच्या लुअरला वाईट, कारण जड लीडर त्याचं नाक खाली ओढतो. पॉपरला नायलॉनच लावा.

‘फ्लोरो जवळजवळ ताणलं जात नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. ताणलं जातं. सुरुवातीला जोर जास्त लागतो, म्हणून बोटांना ताठ वाटतं. पण एकदा जोरात ताणलं की ते पूर्ण मागे येत नाही, तेवढा भाग पातळ राहतो. म्हणून खडपात अडकलेला गळ ताकदीने ओढून सोडवला असेल, तर फ्लोरोकार्बनचा तो तुकडा काढून टाका, तो दिसायला ठीक दिसला तरी.

आणि खोटा माल. बाजारात ‘फ्लोरो कोटेड’, ‘फ्लोरो टेक’ असं लिहिलेल्या बऱ्याच दोऱ्या म्हणजे नायलॉनवर पातळ मुलामा. ओळखायची युक्ती स्वयंपाकघरात आहे. एका पेल्यात कोमट पाणी घेऊन मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकत जा आणि वरचं निवळ पाणी घ्या. त्या पाण्याची घनता 1.2 च्या आसपास होते. दोरीचा बोटभर तुकडा घ्या, बोटांनी चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढा, पूर्ण बुडवा आणि सोडा. नायलॉन वर येतं, फ्लोरोकार्बन तळाला जातं. मुलामा दिलेलं नायलॉनही वरच येतं. जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीव्हीडीएफचा धूर विषारी असतो.

आता दात, म्हणजे तुमच्या सहकाऱ्याची तार. पुळणीवरून गळाला लागणाऱ्या बहुतेक माशांना दोरी कापणारे दात नसतात. रावस, ढोमा, शिंगाळा, रेणवी, पाखट, जिताडा, यांच्यापैकी कुणीही 0.50 चं नायलॉन एका चाव्यात कापत नाही. कापतात ते टोळ, बाळा किंवा वाकटी, बॅराकुडा, वाम आणि बारकी मुशी. तांबोशीचे सुळे जाड दोरीला खाचा पाडतात, पण तिथे 50 पौंडी नायलॉन पुरतं. तांबोशी दोरी तोडते ती दातांनी कमी आणि खडकाच्या कपारीत शिरून जास्त. आणि केंड. केंडाची चोच नायलॉन, फ्लोरोकार्बन काहीही कातरते, पातळ गळसुद्धा मोडते. केंडांची झुंड आली तर तार लावत बसू नका, शंभर पावलं पुढे जा.

तार लावण्याची किंमत असते. ताठ असल्यामुळे आमिष पाण्यात नैसर्गिक हलत नाही, आणि आमिष तोंडात घेऊन अंदाज घेणारा मासा ते सोडून देतो. माझा अनुभव असा की रावसाच्या बाबतीत तारेने चावे निम्म्यावर येतात. म्हणून सरसकट तार नको. एकामागून एक दोन स्नूड स्वच्छ कापलेले परत आले, तरच तार लावा, आणि तीही 15 सेंटिमीटर. टोळासाठी आणि बाळ्यासाठी सात धाग्यांची, वर नायलॉनचा मुलामा असलेली बारीक तार सोयीची. एकेरी पियानो तार सगळ्यात पातळ आणि स्वस्त, पण तिला एकदा मुरड पडली की ती त्याच जागी तुटते. तिला गाठ बसत नाही, पीळ द्यावा लागतो, आणि तो हाताला बसायला सराव लागतो. 49 धाग्यांची तार लवचीक आणि सुरेख, पण किनाऱ्यावरून लहान मुशीसाठी ती उगाच मोठेपणा आहे. तारेच्या टोकाचा फासा पक्का करायला नळ्या दाबायच्या असतील तर तांब्याच्या घ्या. ॲल्युमिनियमची नळी स्टीलच्या तारेवर खाऱ्या पाण्यात गंजून सुटते. मुलामा असलेली तार परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवा. मुलाम्याला चीर गेली की आत खारं पाणी अडकतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारी तार आतून कुजते.

मोठ्या माशासाठी तार लागत नसली तरी लांबी लागते. पाखट किंवा मुशीची अपेक्षा असेल तर रिगचा कणा 80 पौंडी नायलॉनचा आणि माशाच्या अंगापेक्षा लांब ठेवा, म्हणजे ब्रेड किंवा पातळ दोरी तिच्या अंगाला लागणार नाही. मुशीची कातडी शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर कानशीसारखी लागते. पाखट सोडायची असेल तर गळ काढायच्या भानगडीत पडू नका, शेपटीवरचा काटा ओल्या वाळूतही अचूक लागतो. गळाजवळ स्नूड कापा.

स्नूडच्या ताठपणाबद्दल एक गोष्ट. फेकीत स्नूड कण्याभोवती गुंडाळला जातो आणि आमिष दोरीला चिकटून बसतं. अशा वेळी स्नूड जरा जाड आणि ताठ असेल तर गुंता कमी होतो. 0.45 ते 0.50 मिलिमीटरचं नायलॉन, 30 ते 45 सेंटिमीटर लांब, हे लाटांच्या पाण्यात बरोबर बसतं. समुद्र शांत असेल तर लांबी वाढवा, उधाणाच्या दिवशी कमी करा. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी संथ असतं, तेव्हा 70-80 सेंटिमीटरचा स्नूड चालतो आणि रावसाला तो आवडतो. दिवेआगरसारख्या सपाट पुळणीवर मासा बऱ्याचदा 30-40 मीटरवरच्या चरात असतो, शंभर मीटरचा हट्ट सोडलात तर स्नूड लांब ठेवायची चैन परवडते. रंगाबद्दल: पारदर्शक किंवा फिकट हिरवा. पुढे.

हरिहरेश्वरला वेगळा विचार करावा लागेल. एका बाजूला खडप, दुसऱ्या बाजूला सावित्रीचं मुख आणि बाणकोटची खाडी. खडपावर दर तासाला शिसं अडकणार. तिथे कणा 60 पौंडी, स्नूड 40 पौंडी, आणि शिसं थेट कण्याला न बांधता 12-15 पौंडी पातळ नायलॉनच्या वीतभर तुकड्यावर बांधायचं. शिसं कपारीत बसलं तर ओढल्यावर तो तुकडा तुटतो आणि बाकी सगळं, कधी कधी माशासकट, परत येतं. पण लक्षात घ्या, हा पातळ तुकडा जोराच्या फेकीला चालत नाही. खडपावरून हळू, कडेने फेका, नाहीतर फेकताना भार कण्यावर घेणारी क्लिप वापरा. आणि देवळाच्या प्रदक्षिणा मार्गाच्या त्या खडकांवर भरती चढत असताना उभं राहायचं नाही. तिथे लाटेने लोक ओढून नेले आहेत. लीडर कितीही चांगला असला तरी तुम्हाला कुणी त्यावर ओढून काढणार नाही.

गाठींवर वेगळं लिहावं लागेल, इथे निवडीपुरतं. जाड फ्लोरोकार्बनला गाठ नीट बसत नाही, ताठ असल्यामुळे वेढे एकमेकांवर चढतात, आणि कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच खराब होते. थुंकीने ओली करा, हळू ओढा, वेढे कमी घ्या. ब्रेडला जाड नायलॉन जोडायला एफजी गाठ सगळ्यात बारीक बसते आणि रिंगांतून आवाज न करता जाते. पण वाऱ्यात, ओल्या हातांनी ती होत नसेल तर शॉक लीडर पुण्यातच बांधून निघा. सुटलाच तर किनाऱ्यावर ऑलब्राइट किंवा दुहेरी युनि बांधून काम चालवा. गळाला जाड स्नूड बांधताना दांडीवर गुंडाळायची स्नेल गाठ बसवा, 0.50 च्या पुढे साधी क्लिंच गाठ घसरते.

दोरी ठेवायची कुठे, हेही सांगून टाकतो. नायलॉन उन्हाने मरतं. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिना काढलेलं रीळ पुढच्या मोसमात वापरू नका, नवं आणा. फ्लोरोकार्बन उन्हाला बधत नाही, त्याचं जुनं रीळ कपाटात असेल तर निर्धास्त वापरा.

तेव्हा खरेदी अशी: शॉक लीडरसाठी 50 पौंडी नायलॉनचं मोठं रीळ, कण्यासाठी 60 पौंडी आणि स्नूडसाठी 0.45-0.50 चं. ही तिन्ही मिळून बहुधा एका चांगल्या फ्लोरोकार्बन रिळापेक्षा स्वस्त पडतील. त्यात 0.28 च्या आसपासचं फ्लोरोकार्बनचं एक छोटं रीळ, मालवणला जाल तेव्हासाठी. मुलामा असलेल्या तारेचं एक पाकीट. आणि 12 पौंडी जुनं नायलॉन धरणाच्या रिळावरून काढून घ्या, खडपावर शिसं बांधायला ते उत्तम.

गेल्यावर प्रत्येक तुटलेलं टोक फेकण्याआधी हातात घेऊन बघा, पुढचा लीडर तेच ठरवतं. टोक सुरीने कापल्यासारखं सरळ असेल तर दात किंवा चोच: तार लावा, किंवा जागा बदला. टोकापर्यंत पांढुरका, खरखरीत भाग असेल तर घासणं: एक जाडी वर जा आणि दर अर्ध्या तासाने शेवटचा हातभर भाग तपासा. टोकाला डुकराच्या शेपटीसारखी कुरळी गुंडाळी असेल तर दोरी तुटलीच नाही, गाठ घसरली: जाडी बदलून काही होणार नाही, गाठ बदला. आणि टोक लांबवर निमुळतं, ताणून पातळ झालेलं असेल, तर मासा खरोखर तुमच्या दोरीपेक्षा मोठा होता, किंवा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) जास्त आवळलेला होता. दिवेआगरला बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं.